क्ष माहीत आहे असं समज

फासा टाकला तर सम संख्या येण्याची संभाव्यता किती, असं विचारलं की तुझं पेन थांबत नाही. नमुना अवकाश लिहायचा, घटना लिहायची, एकाला दुसऱ्याने भागायचं, संपलं. पण तोच प्रश्न उलटा आला, म्हणजे संभाव्यता आधीच देऊन ‘पिशवीत निळे मणी किती?’ असं विचारलं, की तुझं गाडं अडतं. मग तू अंदाजाने पाच घालून बघतेस, सात घालून बघतेस, आणि वेळ निघून जातो. त्याबद्दलच आज तुझ्याशी निवांत बोलायचं आहे. कारण अडचण संभाव्यतेत नाहीच. ते प्रकरण तुला छान कळलंय. आणि समीकरणंही तुला येतात. फक्त ही दोन प्रकरणं एकमेकांना ओळखतात, हे तुला कुणी सांगितलेलं नाही. दहावीच्या गणित भाग १ मध्ये पहिलं प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचं आणि पाचवं संभाव्यतेचं आहे. मध्ये एवढी पानं असल्यामुळे पाचव्यापर्यंत येताना पहिलं मागे राहून जातं.

मला तुला एकच गोष्ट सांगायची आहे. जे माहीत नाही, ते माहीत आहे असं समज. त्याला क्ष म्हण आणि प्रयोगाची गोष्ट सरळ पुढे सांगत जा, जणू क्ष तुझ्या मुठीतच आहे. गोष्ट सांगता सांगता एक जागा अशी येते, जिथे एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगून होते. एकदा क्षच्या भाषेत, एकदा दिलेल्या आकड्याच्या भाषेत. त्या दोघांच्या मध्ये बरोबरचं चिन्ह मांडलंस की समीकरण तयार. ते शोधायला कुठे जावं लागत नाही.

पिशवीत ८ लाल मणी आहेत आणि काही निळे. न बघता एक मणी काढला, तर तो लाल असण्याची संभाव्यता २/५ आहे. निळे किती? निळे क्ष. मग एकूण मणी ८ + क्ष. लाल निघण्याची संभाव्यता ८/(८ + क्ष). ही झाली तुझी गोष्ट. प्रश्न म्हणतो ती २/५ आहे. म्हणून ८/(८ + क्ष) = २/५, म्हणजे ४० = १६ + २क्ष, आणि क्ष = १२. वीसमध्ये आठ लाल, म्हणजे २/५. पडताळाही झाला.

हे सोपं होतं. आता ज्या जागी हुशार मुलींचेही गुण जातात, ती बघ. डब्यात २० मणी आहेत, त्यांपैकी क्ष हिरवे. डब्यात आणखी १० हिरवे मणी टाकले, तर हिरवा निघण्याची संभाव्यता आधीच्या दुप्पट होते. क्ष काढ. घाईत पुष्कळ जणी (क्ष + १०)/२० = २ × क्ष/२० असं लिहितात. क्ष = १० येतं, दिसायलाही नीटनेटकं. पण ते उत्तर डब्यात घालून बघ. आधी वीसमध्ये दहा हिरवे, म्हणजे १/२. दहा टाकल्यावर तीसमध्ये वीस, म्हणजे २/३. एकद्वितीयांशाची दुप्पट तर १. जमलं नाही. काय राहिलं? मणी टाकले तेव्हा हिरवे वाढले, तसा डबाही वाढला. छेद २० चा ३० झाला.

(क्ष + १०)/३० = २क्ष/२०

इथून २०क्ष + २०० = ६०क्ष, आणि क्ष = ५. आधी ५/२०, म्हणजे १/४. नंतर १५/३०, म्हणजे १/२. दुप्पट. म्हणून माझं ऐक: मणी टाकले, काढले, परत ठेवले, असं काहीही प्रश्नात आलं की पहिल्यांदा छेदाकडे बघ. अंश सगळ्यांच्याच लक्षात राहतो.

काही प्रश्नांत मणीच नसतात, नुसती संभाव्यताच अज्ञात असते. समज, एक फासा असा घडवलाय की जो आकडा जितका मोठा, तितका तो जास्त पडतो. एक पडण्याची संभाव्यता क्ष, दोनची २क्ष, अशी सहाची ६क्ष. इथे दिलेला आकडा कुठेच दिसत नाही, म्हणून मुली गोंधळतात. पण तो आहे, न सांगता दिलेला आहे. सगळ्या निष्पत्तींच्या संभाव्यतांची बेरीज १ असते. क्ष + २क्ष + ३क्ष + ४क्ष + ५क्ष + ६क्ष = १, म्हणजे २१क्ष = १. मग सम संख्येची संभाव्यता (२ + ४ + ६)/२१, म्हणजे ४/७. प्रश्नात काहीच दिलेलं नाही असं वाटलं, की ही बेरीज आठव.

आता वर्गसमीकरणाकडे येऊ. तिथे तुझ्या मनात जास्त धास्ती आहे, हे मला ठाऊक आहे. जून २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या जीसीएसई परीक्षेत, म्हणजे आपल्या दहावीच्या तोडीच्या परीक्षेत, एडेक्सेल या परीक्षा मंडळाच्या गणिताच्या पेपरात एक प्रश्न आला होता. हॅना नावाच्या मुलीकडे पिशवीत काही गोळ्या आहेत, त्यांतल्या ६ नारंगी, बाकीच्या पिवळ्या. ती न बघता एक गोळी काढते आणि खाते. मग आणखी एक काढते, तीही खाते. दोन्ही नारंगी असण्याची संभाव्यता १/३ आहे. एकूण गोळ्यांना त्यांनी इंग्रजी अक्षर दिलं होतं, आपण क्ष म्हणू. प्रश्न असा की क्ष² − क्ष − ९० = ० हे दाखवा. पेपर सुटल्यावर हजारो मुलांनी ट्विटरवर या प्रश्नावर राग काढला, बातम्या झाल्या, प्रश्न जगभर फिरला. गोळ्या खाता खाता एकदम क्षचा वर्ग कुठून उपटला, हेच मुलांना कळेना.

तू मात्र रागावू नकोस, गोष्ट सांग. पहिल्या वेळी पिशवीत क्ष गोळ्या, त्यांत ६ नारंगी. संभाव्यता ६/क्ष. ती खाल्ली. आता पिशवीत क्ष − १ गोळ्या आणि नारंगी उरल्या ५. संभाव्यता ५/(क्ष − १). दोन्ही गोष्टी लागोपाठ घडायच्या आहेत म्हणून गुणाकार.

६/क्ष × ५/(क्ष − १) = १/३

तिरकस गुणाकार केलास की ९० = क्ष(क्ष − १). वर्ग कुठून आला ते दिसलं? दोन छेद एकमेकांना गुणले गेले, तिथून. आणि ते दोन छेद वेगळे का, तर गोळी परत ठेवली नाही म्हणून. त्या प्रश्नात दुसरं काहीही अवघड नव्हतं. अवयव पाडले की (क्ष − १०)(क्ष + ९) = ०. म्हणजे क्ष = १० किंवा क्ष = −९.

पिशवीत उणे नऊ गोळ्या नसतात, म्हणून उत्तर १०. पण हे वाक्य वहीत लिही. ‘−९ अग्राह्य, कारण गोळ्यांची संख्या ऋण नसते’ असं स्पष्ट लिही. नुसती काट मारून पुढे जाऊ नकोस. ही शिस्त आपल्याकडे फार जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात वानरांच्या कळपाचं एक गणित आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून जे येतं, त्याचा वर्ग केला तर तितकी वानरं गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसतंय, तर कळप केवढा? समीकरण सोडवलं की ५० आणि ५ अशी दोन उत्तरं येतात, आणि आकड्यांच्या हिशेबात दोन्ही बसतात. तरी त्यांनी ५ सोडून दिलं. कारण पाचाचा पाचवा भाग एक, आणि एका वानरातून तीन वानरं वजा करणं माणसाच्या मनाला पटत नाही. बारावं शतक होतं ते. समीकरण जे देईल ते सगळंच घ्यायचं नसतं, त्याला आपल्या गोष्टीत घालून बघायचं असतं, हे तेव्हाही त्यांनी सोडलं नव्हतं. याच ग्रंथात त्यांनी पहिल्या अज्ञात राशीला यावत्तावत् म्हटलं आणि पुढच्या अज्ञात राशींना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं दिली. रंगीत मण्यांची गणितं सोडवताना मला ते नेहमी आठवतं.

मात्र दुसरं उत्तर दिसलं की खोडायचंच, अशी सवयही लावून घेऊ नकोस. एक नाणं घे, जे समतोल आहे की नाही ते ठाऊक नाही. छापा पडण्याची संभाव्यता क्ष. नाणं दोनदा उडवलं तर दोन्ही वेळा वेगळी बाजू येण्याची संभाव्यता ०.४८ आहे. आधी छापा मग काटा, किंवा आधी काटा मग छापा, म्हणून २क्ष(१ − क्ष) = ०.४८. सोडव, क्ष = ०.६ किंवा ०.४. दोन्ही शून्य आणि एकच्या मध्ये, दोन्ही खरे. यातलं एक कशाच्या जोरावर खोडशील? ‘वेगळी बाजू आली का?’ एवढंच विचारणाऱ्या प्रयोगाला कोणती बाजू जड आहे हे कळूच शकत नाही. बीजगणिताने ते प्रामाणिकपणे सांगितलं. इथे दोन्ही उत्तरं लिहायची.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. आपण दोघी एसटीत चढलो आणि खिडकी एकच आहे, असं समज. आळीपाळीने नाणं उडवायचं, जिचा पहिला छापा पडेल तिला खिडकी. सुरुवात तू करतेस. तुला खिडकी मिळण्याची संभाव्यता किती? पहिल्या फेरीत, नाही तर तिसऱ्या, नाही तर पाचव्या... १/२ + १/८ + १/३२... ही बेरीज संपतच नाही. मग क्ष समज. तुझा छापा पडला, १/२, संपलं. नाही पडला आणि माझाही नाही पडला, त्याची संभाव्यता १/४, तर नाणं पुन्हा तुझ्या हातात, आणि आपण अगदी जिथून निघालो तिथेच. तिथून तुझी जिंकण्याची संभाव्यता किती? तीच, क्ष.

क्ष = १/२ + (१/४)क्ष

क्ष = २/३. न संपणारी बेरीज एका ओळीत संपली. समतोल नाणं, तरी आधी उडवणारीला दुप्पट संधी. अज्ञात राशी समीकरणाच्या दोन्ही बाजूंना येते म्हणून बिचकायचं नाही. खेळ पुन्हा मूळपदावर येतो, एवढंच ती सांगत असते.

ही युक्ती साडेतीनशेहून अधिक वर्षं जुनी आहे. पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी १६५४ साली पत्रांतून अर्धवट राहिलेल्या जुगारातल्या पैशांच्या वाटणीचा प्रश्न सोडवला. त्या प्रश्नाची चर्चा पॅरिसला कानावर आल्यावर ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने स्वतः बसून सगळं पुन्हा मांडलं आणि १६५७ मध्ये छापलं. शनीचा टायटन हा चंद्र १६५५ मध्ये शोधणारा हायगेन्स तो हाच. त्या छोट्या पुस्तिकेत १४ सिद्धान्त आहेत, आणि चौदावा असा: दोघं दोन फासे आळीपाळीने टाकतात. समोरच्याची बेरीज ६ आली तर तो जिंकतो, माझी ७ आली तर मी. पहिला डाव त्याचा. कोणाची बाजू वरचढ?

दोन फाशांच्या ३६ निष्पत्तींत बेरीज ६ पाच वेळा येते, ७ सहा वेळा. हायगेन्सने दोन अज्ञात राशी घेतल्या, आणि त्यातच त्याची हुशारी आहे. फासे समोरच्याच्या हातात असतात, तेव्हा माझी जिंकण्याची संभाव्यता क्ष. फासे माझ्या हातात येतात, तेव्हा ती य. त्याचा ६ चुकला तरच माझी पाळी, म्हणून

क्ष = (३१/३६) य

आणि माझ्या पाळीला एक तर ७ पडतो, नाही तर फासे परत त्याच्याकडे जातात, म्हणून

य = ६/३६ + (३०/३६) क्ष

ही तुझ्या पहिल्या प्रकरणातली दोन चलांतील रेषीय समीकरणं. यची किंमत वरच्यात घाल, २१६क्ष = ३१ + १५५क्ष, म्हणजे क्ष = ३१/६१. समोरच्याची ३०/६१. पहिला डाव त्याला दिला, तरी मी एका केसाने पुढे. हायगेन्सने हेच ३१ ला ३० असं प्रमाण दिलं. ज्या समीकरणांना तू ‘वय आणि पैशांची गणितं’ म्हणून नाक मुरडतेस, त्यांनीच संभाव्यतेचं शास्त्र उभं केलं गं.

आता जे सांगणार आहे, ते परीक्षेत येणार नाही. पण तू मोठी होते आहेस, म्हणून मुद्दाम सांगते. काही प्रश्नांची उत्तरं मुली खरी देत नाहीत. तुझ्या शाळेत किती मुली स्वच्छतागृहात जायला लागू नये म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत? वर्गात हात वर करायला सांगितलं तर एकही हात वर होणार नाही. चिठ्ठीवर लिहायला सांगितलं तरी अक्षर ओळखू येईल ही भीती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असंच आपल्याला शिकवलेलं असतं. मग बाई म्हणणार, कुणाचीच तक्रार नाही.

यावर एक तोड आहे. प्रत्येकीने आपापल्या ओंजळीत नाणं उडवायचं, कुणालाही दाखवायचं नाही. छापा आला, तर खरं काहीही असो, ‘हो’ म्हणायचं. काटा आला, तर खरं ते सांगायचं. आता एखादी ‘हो’ म्हणाली तर ती पाणी टाळते म्हणून, की छापा पडला म्हणून, हे तिच्या शेजारी बसलेलीलाही कळणार नाही. बाईंनाही नाही. आणि तरीही सगळ्यांचं मिळून उत्तर आपल्याला काढता येतं. खऱ्या ‘हो’ची संभाव्यता क्ष समज आणि गोष्ट सांग. अर्ध्या वेळा छापा, तिथे ‘हो’ ठरलेलंच. अर्ध्या वेळा काटा, तिथे ‘हो’ची संभाव्यता क्ष. म्हणून

‘हो’ ऐकू येण्याची संभाव्यता = १/२ + (१/२)क्ष

समज, वर्गात ६० मुली आणि ३९ ‘हो’ आले. ३९/६० म्हणजे ०.६५. मग ०.६५ = ०.५ + ०.५क्ष, आणि क्ष = ०.३. साठातल्या साधारण १८ मुली. एकीचंही गुपित न फोडता.

या कल्पनेला पहिल्यांदा शास्त्रीय रूप दिलं ते स्टॅन्ली वॉर्नर यांनी, १९६५ मध्ये. त्यांच्या मांडणीत नाण्याऐवजी फिरकी होती. फिरकी दोन विधानांपैकी एकावर थांबते, ‘मी असं करते’ किंवा ‘मी असं करत नाही’, आणि उत्तर देणाऱ्याने त्या विधानाला फक्त हो किंवा नाही म्हणायचं. विचारणाऱ्याला फिरकी कुठे थांबली ते दिसत नाही. फिरकी पहिल्या विधानावर ०.७ वेळा थांबत असेल, तर ‘हो’ची संभाव्यता ०.७क्ष + ०.३(१ − क्ष), म्हणजे ०.३ + ०.४क्ष. क्ष काढता येतो. पण फिरकीचे दोन्ही भाग अगदी सारखे केले तर काय होतं ते करून बघ. ०.५क्ष + ०.५(१ − क्ष) = ०.५. क्ष निघूनच गेला. वर्गात कुणीही काहीही करत असो, ‘हो’ निम्मेच येणार. या मांडणीत गुपित पूर्णपणे राखलं, तर कळतही काही नाही. थोडं कळायला हवं असेल, तर गुपिताला थोडी फट ठेवावी लागते. एवढी मोठी गोष्ट त्या एका ओळीतून दिसते, म्हणून मला ही ओळ फार प्रिय आहे.

आपल्या नाण्याच्या रीतीतही ती फट आहे, तुझ्यापासून लपवत नाही. मघाच्या ३९ ‘हो’मध्ये सुमारे ३० छाप्यामुळे आलेले, त्यांतही ९ जणी खरंच पाणी टाळणाऱ्या. उरलेल्या ९ काट्याच्या, त्या खऱ्याच. म्हणजे ३९ पैकी १८ जणींचं ‘हो’ खरं, १८/३९, शेकड्यात सुमारे ४६. ‘हो’ ऐकल्यावर संशय तिसावरून शेहेचाळिसावर गेला, पण खात्रीने बोट दाखवता येत नाही. ‘नाही’ म्हणणारीचं मात्र उघड होतं, तिला काटाच पडला असणार.

तेही नको असेल तर नाण्याऐवजी फासा घ्या. १ पडला तर ‘हो’, ६ पडला तर ‘नाही’, बाकी आकड्यांना खरं. मग ‘हो’ची संभाव्यता १/६ + (४/६)क्ष. साठांत २२ ‘हो’ आले तर क्ष पुन्हा ०.३ येतो, पडताळून बघ. इथे ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्ही झाकलेले, आणि आकडाही जरा भरवशाचा. कारण योगायोगाने तीन ‘हो’ जास्त आले, तर नाण्याच्या रीतीत क्ष ०.३ चा ०.४ होतो, फाशाच्या रीतीत ०.३७५ च होतो. नाण्याच्या समीकरणात क्ष काढताना चूक दुप्पट होते, फाशाच्या दीडपट.

आणि हो, नाण्याच्या रीतीत साठांत २७ च ‘हो’ आले तर? २७/६० म्हणजे ०.४५, मग क्ष = −०.१. हॅनाच्या उणे नऊ गोळ्यांसारखं हेही खोडशील का? थांब. तिथे गोळ्यांचं दुसरं उत्तर उभं होतं. इथे एकच उत्तर आहे आणि तेही अशक्य. तुझं बीजगणित बरोबर आहे. बिघाड एवढाच की ०.४५ ही संभाव्यता नव्हती, साठ नाण्यांचा एक अनुभव होता. छापे नेमके तीसच पडतील असं कुणी लिहून दिलेलं नाही. अशा वेळी ‘प्रमाण फार थोडं दिसतंय, जास्त मुलींना विचारायला हवं’ असं लिहायचं. एका वर्गाऐवजी सगळ्या शाळेतल्या मुली घेतल्या की नाण्यांचा हा लहरीपणा पुष्कळ निवळतो. पुस्तकातल्या पिशवीची संभाव्यता नेमकी असते, माणसांना विचारून आलेली अदमासाची असते. क्ष दोन्हीकडे तोच, पण त्यावर किती भार टाकायचा ते वेगळं.

एक गोष्ट मनापासून सांगते. ही रीत समूहाचं दुखणं मोजायला आहे. तुला स्वतःला कुणाचा त्रास होत असेल, बसमध्ये, क्लासमध्ये, घरातसुद्धा, तर तिथे नाणं नको, फासा नको. माझ्याकडे ये, आईकडे जा, विश्वासाच्या बाईंकडे जा आणि सरळ नावानिशी सांग. साठांतल्या अठरा जणी कोण, हे हे समीकरण कधीच सांगत नाही, म्हणून त्यातल्या एकीला मदतही करू शकत नाही.

पण साधारण अठरा आहेत, हे ते सांगू शकतं. म्हणून तुझ्याकडे एक मागणं आहे. पूर्वपरीक्षा संपली की वर्गशिक्षिकांची परवानगी घे, नववी-दहावीच्या सगळ्या मुलींना एकत्र बसव, प्रत्येकीला एक फासा दे आणि पाण्याचा हा प्रश्न विचार. ‘हो’ मोजायला दोन मैत्रिणींना बसव, समीकरण तू फळ्यावर मांड, सगळ्यांसमोर सोडव. जो आकडा येईल तो समीकरणासकट कागदावर लिहून मुख्याध्यापिकांकडे दे आणि स्वच्छतागृहात पाणी, कडी आणि दिवा कधीपर्यंत होणार, ते त्यांना विचार.